मेलेल्यांचं दार

दारावर ठकठक झाली आणि वरून आई म्हणाली, "आले हं!"

झालं ते एवढंच. मी खाली माझ्या खुर्च्या विणायच्या दुकानात होते, खुर्ची उलटी करून दोन गुडघ्यांत धरलेली, आणि टबातला भिजलेला लव्हाळा पिळून काढत होते. रोज सकाळी ती ठकठक होते. गावचा गाइड एव्हारिस्तो प्रवाशांचा घोळका घेऊन आमच्या घरासमोर येतो, छत्रीच्या मुठीनं विटांवर ठोकतो आणि म्हणतो, "हे मेलेल्यांचं दार, मंडळी. मोन्तेरावात जुन्या घराला दोन दारं. मोठं जगणाऱ्यांचं, हे अरुंद मरणाऱ्यांचं. घरातलं माणूस गेलं की विटा काढायच्या, पेटी इथून बाहेर द्यायची आणि त्याच संध्याकाळी पुन्हा विटा लावायच्या, म्हणजे मरणाला परतीची वाट सापडत नाही." मग पुन्हा एकदा ठोकतो, कान लावल्याचं नाटक करतो आणि म्हणतो, "आतून कुणी ओ देत नाही, हे आपलं नशीब!" सगळे हसतात, फोटो काढतात आणि पुढे मनोऱ्याकडे जातात. इतकी वर्षं ऐकून ऐकून माझे कान त्या ठकठकीला सरावले होते. पण त्या दिवशी आतून ओ आली. बाहेर एक बाई किंचाळली, मग हशा पिकला, एव्हारिस्तोचाही आवाज त्यात होता. आणि हसणं चालू असतानाच माझ्या डोक्यावरच्या फळ्यांवर धप्प झालं.

आमचा लाकडी जिना म्हणजे शिडीच. दुकानाच्या कोपऱ्यातून वळत वळत वर जातो आणि जमिनीतल्या झडपेतून स्वयंपाकघरात निघतो. कमरेचं हाड मोडल्यापासून आई त्या जिन्यानं खाली आली नव्हती. वर तिची खाट, तिची खिडकी आणि मी विणलेली तिची खुर्ची, एवढ्यात तिची वर्षं चालली होती. मी धावत वर गेले तर ती खाटेपाशी नव्हती, खुर्चीपाशीही नव्हती. खोली ओलांडून, स्वयंपाकघर ओलांडून ती कोठीच्या दाराशी पडली होती आणि तिचा एक हात कडीवर होता. एवढं अंतर ती कशाला धरून चालली असेल, देव जाणे. "कोण आलं होतं गं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "कुणी नाही, एव्हारिस्तोची छत्री." तर म्हणते, "मग उघडायला नको?" मला इतका राग आला की मी तिला उठवण्याआधी तिच्यावर ओरडले.

हाड शाबूत होतं, मांडी मात्र काळीनिळी झाली. डॉक्टरांनी आमची शिडी चढताना दोनदा थांबून श्वास घेतला आणि उतरताना एकदा शिवी दिली. लोरिसला, माझ्या धाकट्या भावाला, फोन केला तर तो पेरुज्यातून लगेच म्हणाला, "बास झालं, तेक्ला. मी केव्हापासून सांगतोय." त्यानं खाली सपाटीवरच्या वृद्धाश्रमात खाट आधीच सांगून ठेवली होती. तिथे लिफ्ट आहे, बाग आहे, रात्रपाळीला नर्स आहे. ईस्टरच्या आधीच्या, ऑलिव्हच्या रविवारी प्रार्थना झाली की तो गाडी घेऊन वेशीपर्यंत येणार होता. मी फोनवर भांडायला बाह्या सरसावल्या, पण आईनं खाटेवरूनच हात केला आणि म्हणाली, "नेऊ दे त्याला." मला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही. ही बाई आयुष्यात कधी कुणाला 'असू दे' म्हणाली नव्हती. मासळीवाल्याशी ती डोळ्यांच्या रंगावरून भांडायची, म्हणजे माशाच्या डोळ्यांच्या. एकदा बिशपच्या मिरवणुकीला तिनं थांबवलं होतं, कारण गॅलरीत वाळत घातलेल्या तिच्या चादरीला त्यांचा झेंडा घासला होता. आणि आता नेऊ दे!

दुपारी मी तिला सूप भरवत होते तेव्हा ते बाहेर आलं. चमचा तोंडाशी असताना ती म्हणाली, "तिथं मेले तर मला कुठून काढतील गं?" मी म्हटलं, "असलं काही बोलू नकोस." "लिफ्टनं काढतील," तिचं तिनंच उत्तर दिलं. "मग मागच्या दारानं, कचऱ्याच्या डब्यांशेजारून. समोरच्या झाइराच्या दिराला तसंच काढलं. तुझ्या आजीला या दारातून नेलं, तुझ्या बापाला या दारातून नेलं, तुझी धाकटी आत्या तर एवढीशी होती, तिची पेटी आडवीसुद्धा मावली." मग तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. लव्हाळ्यानं कापलेली माझी बोटं, नखांत घाण. "पण असू दे," ती म्हणाली, "तुझे हात तरी मोकळे होतील." माझे हात कुणी मोकळे करायला सांगितले होते? मला माझी आई घरात हवी होती. साधी गोष्ट होती, पण ती साधी गोष्ट एका वाकड्या शिडीपायी मला मिळत नव्हती.

बाबा गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. आमच्याकडे पहिली वीट मुलानं काढायची असते आणि शेवटची मुलीनं लावायची. लोरिस इतका लहान होता की आताच्या क्विंतो गवंड्याच्या बापानं, तोही गवंडीच, त्याचा हात धरून छिन्नी मारली. मी शेवटची वीट लावली ती रस्त्यावरून, स्टुलावर उभी राहून, कारण आमचं ते दार रस्त्यापासून कमरेएवढं उंच आहे आणि खाली पायरी नाही. हातमोजे न घालता मी चुना हातात घेतला. हात भाजला, पण मी बोलले नाही. सगळी गल्ली बघत होती. आई मोठ्या दारात उभी होती, काळ्या शालीत, आणि माझ्याकडे न बघता विटेकडे बघत होती. वीट बसली तेव्हा आत अंधार झाला असणार, हा विचार मला त्या वेळी आला आणि मी मूर्खासारखी रडले. लोक म्हणाले बापासाठी रडते आहे. मी त्या अंधारासाठी रडत होते, बाबा तर केव्हाच टेकडीवरच्या सायप्रसांत पोहोचले होते.

आमच्या गावाला मरण फार शोभतं, असं पाहुणे समजतात. त्यांना दाखवायला एव्हारिस्तोकडे वेढ्याची गोष्ट आहे, प्लेगची आहे, टाक्यात उडी मारलेल्या सावकारकन्येची आहे. पोपच्या सरदारानं आमच्या डोक्यावर किल्ला बांधला आणि तो मेल्याबरोबर आम्ही त्याचे दगड उपसून कोंबड्यांची खुराडी बांधली, हे मात्र तो सांगत नाही, आणि माझ्या मते गावाचा खरा इतिहास तेवढाच आहे. मनोरा कलला आहे तो भूकंपानं नव्हे, पायाशेजारी कुणीतरी दारूचं तळघर वाढवलं म्हणून. इथं माणसं जगली, पोटभर जगली, भांडली, दारू साठवली. पण फोटो कुणाचा काढतात, तर बुजवलेल्या दाराचा. मीही त्याच गल्लीत जन्मले, त्याच दारावरून दूध आणायला गेले, आणि माझ्याही डोक्यात कधी दुसरं काही आलं नाही. सगळे जे सांगतात ते आपण पाहिलंच आहे असं वाटायला लागतं.

दुसऱ्या दिवशी मी टोमॅटोची बरणी काढायला कोठीत गेले. आमची कोठी म्हणजे त्या दारामागचा दगडी जिना. वर स्वयंपाकघरात त्याचं तोंड, खाली विटांची भिंत, आणि प्रत्येक पायरीवर बरण्या, तेलाचे डबे, कांद्यांच्या माळा. सरळ जिना, एकही वळण नाही. मी दिवा न लावताच उतरते, पायांना सवय आहे. बरणी उचलली तर तिच्याखालची पाचर निसटून खाली गडगडली. या लाकडी पाचरी बाबांनी केलेल्या. प्रत्येक बरणीखाली एक, कारण आमच्या कोठीत बरणी सरळ बसत नाही, मध्ये कलते. लहानपणी मी बाबांना विचारलं होतं की का कलते, तर ते म्हणाले, "दगड खोलगट आहे, बाळ." बस्स. दगड खोलगट आहे. मी अंधारात पाचर शोधायला वाकले, हात पायरीवर फिरला आणि तिथंच थांबला. पायरी मधोमध खोलगट होती. कडेला नाही, मधोमध. वरची तशी, खालची तशी. मी चप्पल काढली आणि अनवाणी पाय त्या खळग्यात ठेवला. टाच बरोबर बसली. दुसरा पाय खालच्या पायरीवर, तोही बसला. मी तशीच विटांपर्यंत उतरत गेले.

मेलेली माणसं पायऱ्या झिजवत नाहीत. त्यांना एकदाच नेतात, तेही दुसऱ्यांच्या खांद्यावर. एका घरात पिढीला दोन-तीन माणसं जातात, त्यानं दगडाचं काय होतंय? हा दगड रोज उतरणाऱ्यांनी झिजवला होता. पाणी आणायला जाणाऱ्या बायकांनी, शाळा चुकवणाऱ्या पोरांनी, दारू पिऊन उशिरा परतणाऱ्या नवऱ्यांनी. मी भिंतीवर हात फिरवला. चौकटीच्या दोन्ही बाजूंना दगडात चौकोनी भोकं होती, अडसराची. आतून अडसर कोण घालतं? ज्याला बाहेरच्यांची भीती आहे तो जिवंत माणूस. खालचं मोठं दार दुकानाचं, वखारीचं. घराचं दार हे होतं! रस्त्यापासून मुद्दाम उंच ठेवलेलं, शिडी लावून चढायचं आणि संकट आलं की शिडी वर ओढून घ्यायची. मग केव्हातरी शांतता आली असेल, दुकानातून वर लाकडी जिना बांधला असेल, हे दार बुजवलं असेल, आणि पुढे पेटी त्या वाकड्या जिन्यावरून उतरेना म्हणून कुणीतरी एकदा विटा काढल्या असतील. तेवढंच गावानं लक्षात ठेवलं. मी कांद्यांमध्ये बसून हसले. मग हसू गेलं आणि चीड आली. माझी आई वर खाटेवर सडत होती आणि हा सरळसोट, दोन माणसांनी खुर्ची धरून उतरवावी असा जिना मी टोमॅटोंना दिला होता. आणि आईला ते माझ्याआधी कळलं होतं. ठकठक ऐकून ती झडपेकडे गेली नव्हती. कोठीकडे गेली होती.

नगरपालिकेतल्या माणसानं चष्मा काढून विचारलं, "कोण गेलं?" मी म्हटलं, "कुणी नाही." "मग दार कशाला उघडायचं?" "जायला-यायला." तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मीच गेले आहे. प्रेतासाठी त्याच दिवशी उघडता येतं, त्याला कुणाला विचारावं लागत नाही. जिवंत माणसासाठी मात्र ऐतिहासिक वास्तूंच्या खात्याला लिहायचं, त्यांचा माणूस येणार, पाहणी करणार, पुढच्या हिवाळ्यापर्यंत होईल. "म्हणजे आई मेली तर आज, जगली तर पुढच्या हिवाळ्यात?" मी विचारलं. तो म्हणाला, "बाई, नियम मी केलेला नाही." तिथून मी तडक क्विंतोकडे गेले. क्विंतो गवंडी, बापाचंच हत्यार वापरतो. त्यानं ऐकून घेतलं आणि टोपी डोळ्यांवर ओढली. "तेक्ला, तुझ्यासाठी मी मनोरा सरळ करीन," तो म्हणाला, "पण माणूस जिवंत असताना ते दार? माझ्या हातून नको. तुझी आई उद्या गेली तर अख्खं गाव मला धरेल." मी म्हटलं, "मग मी उघडते. मी लावलेली वीट आहे, मीच काढणार." तो माझ्याबरोबर दुकानापर्यंत चालत आला. निघताना त्यानं पिशवीतून छिन्नी आणि हातोडा काढून माझ्या दुकानाच्या उंबऱ्यावर ठेवला. "मी विसरभोळा झालोय हल्ली," म्हणाला आणि गेला.

आई मात्र ऐकेना. मी तिला पायऱ्यांचं सांगितलं, अडसराचं सांगितलं, बरण्या का कलतात ते सांगितलं. ती ऐकत होती, तोंडावर एक रेघ हलत नव्हती. "झालं तुझं?" ती म्हणाली. "दगड झिजला असेल नाहीतर सोन्याचा असेल. त्या दारातून तुझा बाप गेला. मी त्याच्यामागून जाईन, पण माझ्या वेळेला. आधी उघडलंस तर ते मला न्यायलाच उघडेल." "कुणी नेणार नाही." "तू कोण ठरवणारी?" "मग तिथं, सपाटीवर, कचऱ्याच्या डब्यांशेजारून चालेल तुला?" हे बोलायला नको होतं, पण बोलले. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं आणि त्या दिवशी माझ्या हातून सूपही घेतलं नाही. मी खाली येऊन विणायला बसले तर विणीचा कोपरा चुकला, उसवला, पुन्हा चुकला. खरं सांगते, मी घाबरले होते. पायरीचा खळगा माझ्या तळपायाला अजून जाणवत होता, तरी डोक्यात आतल्या बाजूला कुणीतरी म्हणत होतं की समजा म्हातारीचंच खरं झालं तर? समजा मी शेवटची वीट काढली आणि वर तिचा श्वास थांबला तर? जन्मभर जे ऐकलं ते एका दुपारच्या शहाणपणानं पुसलं जात नाही. पण रविवारी लोरिस येणार होता. आणि तो आला असता, तिला शिडीवरून कुणाच्या तरी पाठीवर पोत्यासारखी बांधून उतरवली असती, आणि ती काही बोलली नसती. तिचं ते न बोलणं मला मरणापेक्षा भयंकर वाटत होतं. मी छिन्नी पुसून ठेवली.

शनिवारी सकाळी मी कोठीतल्या सगळ्या बरण्या वर आणून स्वयंपाकघरात मांडल्या. पाचरी एका टोपलीत भरल्या. आई खुर्चीत बसून बघत होती आणि मी तिथं नाहीच असं दाखवत होती. मग मी बाहेर गेले, स्टूल लावलं, एप्रन कमरेला बांधला आणि माझी वीट शोधली. वरून दुसऱ्या ओळीत, डाव्या हाताला, जरा पुढे आलेली. मी तेव्हा ती नीट दाबलीच नव्हती. पहिला घाव बसला तो माझ्याच खांद्यात बसला. चुना पिठासारखा सुटत होता, नाकातोंडात जात होता, आणि त्याची चव मला ओळखीची वाटली, जळलेल्या हाताची. वीट हलली, फिरली, हातात आली. तिच्यामागे काळोख होता आणि त्या काळोखातून आमच्या घराचा वास आला. कांदे, तेल, जुना दगड, आईचं कापराचं मलम. मी दुसरी काढली, तिसरी काढली. समोरच्या खिडकीतून झाइरामावशीनं डोकं काढलं, छातीवर क्रूस केला आणि खिडकी लावून घेतली. मला वाटलं बाई चिडली. माझं काम चालू होतं. अर्ध्या विटा निघाल्या आणि सकाळचं ऊन तिरपं आत शिरलं, खालच्या पायऱ्यांवर पडलं, आणि त्यांतले खळगे कुणी आत्ताच पाय उचलल्यासारखे उघडे दिसले. तेवढ्यात वर देवळाची घंटा वाजायला लागली. सावकाश. बाई गेली की वाजते त्या ठेक्यात.

कोण बरं गेलं, असा विचार मी खरोखर केला, देवाशपथ! हातात वीट, अंगभर चुना, आणि मी मनातल्या मनात गल्लीतल्या म्हाताऱ्या मोजते आहे. मग वळून पाहिलं. झाइरामावशी काळ्या शालीत उभी होती आणि तिच्या हातांत फडक्यात बांधलेलं कोंबडीच्या सुपाचं पातेलं होतं. तिच्यामागे बेकरीवाली, तिच्यामागे औषधवाला दुकान बंद करून आलेला, क्विंतो टोपी हातात घेऊन, सगळी गल्ली माणसांनी भरत चाललेली. एव्हारिस्तो आपला घोळका घेऊन वळणावरून आला आणि जागच्या जागी थांबला. त्यानं छत्री खाली केली आणि प्रवाशांना हातानं गप्प केलं. "कधी गेली गं माझी एर्मेलिंदा?" म्हणत मावशीनं हुंदका दिला. "हाक तरी मारायचीस! एकटीच विटा काढत बसलीस? पहिली वीट लोरिसनं काढायची असते ना? मी केला हो त्याला फोन, निघालाय बिचारा." मेलेल्यांचं दार उघडलं म्हणजे कुणीतरी मेलंच पाहिजे, यात कुणाला तिळमात्र शंका नव्हती. विचारायचीसुद्धा गरज पडली नव्हती.

"तेक्ला!" वरून, जिन्याच्या वरच्या तोंडातून, आईचा आवाज आला. "बाईची घंटा आहे. कोण गेलं?"

गल्ली गपगार झाली. मी विटांच्या भगदाडात डोकं घातलं आणि म्हटलं, "तू."

मग वरून प्रश्न आला, "मी?" आणि मी म्हटलं, "हो. दार उघडं दिसलं म्हणून. मावशीनं सूपसुद्धा आणलंय." आता तिनं जर भिंतीकडे तोंड फिरवलं असतं तर सगळं संपलं होतं, तिचं आणि माझंही. मग खुर्ची कुरकुरली. माझी खुर्ची, तिचा आवाज मी झोपेतही ओळखीन. काहीतरी घासलं, कोठीच्या दाराची कडी वाजली, आणि जिन्याच्या वर, अंधारात, आईचे दोन पाय दिसले, लोकरी सपाता घातलेले. ती वरच्या पायरीवर बसली. दोन्ही तळवे भिंतींना लावले आणि बसल्या बसल्या खालच्या पायरीवर उतरली. "हं," म्हणाली. पुन्हा एक पायरी, पुन्हा "हं." मी आत हात घातला तर ओरडली, "हात लावू नकोस! विटा काढ." मी विटा काढल्या. नखं गेली, बोटांतून रक्त आलं, पण मी काढल्या, आणि क्विंतो मधेच केव्हातरी माझ्याशेजारी येऊन खालच्या ओळी उपसायला लागला. ती येत होती. प्रत्येक पायरीच्या खळग्यात ती बरोबर बसत होती, जणू दगडानं तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती. तिच्या गाउनला लसणीची सालं चिकटली होती, केस सुटले होते, मांडीचं काळंनिळं दिसत होतं, आणि तिला कशाचीही पर्वा नव्हती. शेवटच्या पायरीवरून ती उंबऱ्यावर आली, उन्हात, आणि पाय रस्त्यावर सोडून बसली.

झाइरामावशीच्या हातातल्या पातेल्याचं झाकण वाजत होतं. आईनं डोळ्यांवर हात धरून गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. इतक्या वर्षांनी पाहत होती. मग म्हणाली, "आले म्हटलं होतं ना मी? कोण ठोठावत होतं?"

एव्हारिस्तोनं शाळेतल्यासारखा हात वर केला. "मी, काकी."

"काय हवं होतं?"

"काही नाही, काकी."

"मग रोज रोज कशाला ठोकतोस, बैला? माणूस मध्येच काम टाकून उठतं." तिनं मावशीकडे हात पुढे केला. "दे इकडे ते सूप. माझं आहे ना?" मावशीनं पातेलं दिलं आणि रडायला लागली, आणि रडता रडता आईला शिव्या द्यायला लागली, की शालीला इस्त्री करून आले, लाज नाही वाटत तुला? कुणीतरी घंटा थांबवायला देवळाकडे धावायला निघालं, तर आई म्हणाली, "वाजू दे. पुन्हा कुठं ऐकायला मिळणार मला?" तिनं पातेल्याला तोंड लावलं, एक घोट घेतला आणि कान देऊन आपली घंटा ऐकत राहिली. "बरी वाजवतोय," म्हणाली. "मीठ कमी आहे, झाइरा." मी स्टुलावर बसले. मी हसत होते की रडत होते, मला माहीत नाही. पण ती जिवंत होती, बाहेर होती, आणि तिच्या पायांखालून गल्ली चालली होती.

लोरिस वेशीपासून चढ पळत आला. काळा कोट, टाय वाकडा, चेहरा धुतल्यासारखा ओला. लोक बाजूला झाले तशी त्याला आई दिसली आणि तो तिथंच अडकला. मग हळूहळू पुढे आला. तो रस्त्यावर गुडघे टेकून बसला, ती उंबऱ्यावर, तिच्या सपाता त्याच्या छातीशी. त्यानं त्या दोन्ही हातांनी धरल्या आणि त्यांवर डोकं टेकलं. मला त्याचा कित्येक वर्षांचा राग होता, तो कुठे गेला कळलं नाही. आईनं त्याच्या केसांतून बोटं फिरवली. "पाय गार पडलेत ना?" ती म्हणाली. "वर माझे मोजे आहेत, खाटेखाली. आण जा."

"आई, उद्या..." तो म्हणाला.

"उद्या ऑलिव्हच्या फांद्यांची मिरवणूक इथून जाते. मी इथं बसणार आहे. मोजे आण."

तो मान हलवून उठला आणि मोठ्या दाराकडे, दुकानाकडे वळला. "तिकडून कुठं?" आई म्हणाली. "इथून ये." आणि ती उंबऱ्यावर एका बाजूला सरकली. कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. त्या दारातून बाहेर गेलेले सगळ्यांना ठाऊक होते. आत कुणी गेलेलं कुणाच्या आठवणीत नव्हतं. लोरिसनं माझ्याकडे पाहिलं. मी आत जाऊन उभी राहिले आणि चुन्यानं पांढरा झालेला हात त्याला दिला. त्यानं उंबऱ्यावर एक गुडघा टेकवला, घसरला, पुन्हा टेकवला. कोट फाटला. शेवटी तो रांगतच आत आला आणि पायऱ्यांवर उभा राहिला. त्याची पावलं मधोमध पडली.

खाली क्विंतोनं सवयीनं विटा ओळीनं रचायला घेतल्या होत्या. संध्याकाळी पुन्हा लावायच्या, अशीच रीत. रचता रचता त्याचे हात थांबले आणि त्यानं वर पाहिलं. "एर्मेलिंदाकाकी, यांचं काय करू?"

आईनं पातेल्यातला शेवटचा घोट संपवला. "दिसलं नाही का तुला, पोराला चढता येईना ते?" ती म्हणाली. "पायरी कर त्यांची."